न बोलणाऱ्यांचा संघ

बेसबॉलच्या संघाचा मॅनेजर खेळाडूंच्याच कपड्यांत वावरतो. वय साठीच्या पलीकडे गेलेलं असतं, गुडघे कुरकुरत असतात, आणि अंगात मात्र पंचविशीतल्या पोरांची असते तीच पँट, डोक्यावर तीच टोपी. फुटबॉल-बास्केटबॉलचे प्रशिक्षक मैदानाच्या कडेला आपापल्या कपड्यांत उभे असतात. आपल्या क्रिकेटमध्ये कोच वर बाल्कनीत बसतो आणि मैदानात शब्द चालतो तो कप्तानाचा. इथे कोण खेळणार, कोण कितव्या नंबरावर फलंदाजीला जाणार, चेंडू कुणाच्या हातात द्यायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे सगळं गणवेशातला हा वडीलधारा माणूस ठरवतो. पूर्वी संघातलाच एखादा खेळाडू मॅनेजरही असायचा, त्या काळचा हा पेहराव अजून टिकून आहे. ठळक अपवाद म्हणजे फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचे कॉनी मॅक. १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षं त्यांनी एकाच संघाचं मॅनेजरपद सांभाळलं, तेही सूट-टाय घालून. क्षेत्ररक्षकांना इशारा करायचा तो हातातल्या धावपत्रकाने.

हे सगळं मला भाचीने सांगितलं. २०२५च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला राहायला गेले होते. ती तिकडे नोकरीला लागली २०१० साली आणि नेमक्या त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को जायंट्स जिंकले. १९५४ नंतरचं ते त्यांचं पहिलं अजिंक्यपद. न्यूयॉर्क सोडून हा संघ १९५८मध्ये या शहरात आला, त्यानंतर इथल्या लोकांनी बावन्न हंगाम वाट पाहिली होती. नव्या गावात एकटी असलेली मुलगी त्या आनंदात सहज ओढली गेली. आता तिच्या घरी गणपतीच्या फोटोशेजारी जायंट्सची टोपी टांगलेली असते आणि ब्रूस बोची या मॅनेजरचं नाव ती घरातल्या माणसाचं घ्यावं तसं घेते.

मॅचला आम्ही कॅलट्रेनने निघालो. मॅचच्या दिवशी या गाडीचे डबे नारिंगी-काळे होतात; लहान मुलं, नर्सा, निवृत्त मास्तर, कुणाच्याही अंगात जायंट्सचा सदरा असतो. आमच्यासमोर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. आजींच्या डोक्यावर जायंट्सची काळी टोपी, आजोबांची हिरवी-पिवळी. ती खाडीपलीकडच्या ओकलंडच्या अ‍ॅथलेटिक्सची, म्हणजे कॉनी मॅक यांच्याच संघाची, जो फिलाडेल्फियाहून कॅन्सस सिटीला आणि तिथून १९६८मध्ये ओकलंडला आला. आता तो तिथेही नाही. २०२४चा हंगाम संपला आणि संघाने गाव सोडलं. सध्या मुक्काम सॅक्रामेंटोजवळ, पुढे लास वेगास. आजोबांनी टोपी मात्र बदललेली नव्हती.

भाचीने ओळख काढली. मी पहिल्यांदाच मॅचला चालले आहे हे ऐकून दोघांचेही चेहरे खुलले. आणि मग त्यांनी मला जे सांगायला सुरुवात केली त्यात धावा नव्हत्या, विक्रम नव्हते. होती ती भांडणं! कुठल्या संघाचे खेळाडू एकमेकांशी जास्त कडाक्याने भांडले, यावर त्या दोघांचा जुना वाद होता आणि नवा श्रोता मिळाल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

आजोबांनी काढला १९७४चा ओकलंड संघ. १९७२, ७३ आणि ७४ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदं मिळवणारा. मालक चार्ली फिन्ली यांनी १९७२मध्ये मिशा वाढवणाऱ्या प्रत्येक खेळाडूला तीनशे डॉलर दिले, म्हणून सगळा संघ मिशाळ. आणि सगळा संघ भांडखोर. जून १९७४मध्ये डेट्रॉइटच्या ड्रेसिंग रूममध्ये रेजी जॅक्सन आणि बिली नॉर्थ एकमेकांच्या अंगावर धावून गेले. जॅक्सनचा खांदा दुखावला. सोडवायला मध्ये पडलेला कॅचर रे फॉसी, त्याच्या मानेला एवढी इजा झाली की हंगामाचा मोठा भाग हुकला. पुढे ऑक्टोबरात, अजिंक्यपदाची मालिका सुरू व्हायच्या तोंडावर, रॉली फिंगर्स आणि ‘ब्लू मून’ ओडम हे दोन पिचर, म्हणजे गोलंदाज, लॉस एंजेलिसमध्ये भिडले. फिंगर्सच्या डोक्याला टाके पडले. पाच सामन्यांत ओकलंडने मालिका खिशात घातली आणि मालिकावीर ठरला तो फिंगर्सच.

“आणि तुमचे?” आजोबांनी आजींना विचारलं.

आजी सरसावून बसल्या. “आमचे दोनच, पण एका वेळी देशातले सगळ्यात मोठे दोन.” बॅरी बाँड्स आणि जेफ केंट. केंट २०००चा सर्वोत्तम खेळाडू, बाँड्स त्याच्या पुढची सलग चार वर्षं. २००१मध्ये बाँड्सने एका हंगामात ७३ होमरन मारले, तो विक्रम आजही अबाधित आहे. दोघं फलंदाजीला एकामागोमाग यायचे आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाही हे साऱ्या शहराला ठाऊक होतं. २५ जून २००२, सॅन डिएगो. एका चुकलेल्या खेळावरून केंट डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकांपाशी, सहकारी डेव्हिड बेलवर ओरडला. बाँड्स मध्ये पडला आणि दोघांची धक्काबुक्की जुंपली. सगळं कॅमेऱ्यासमोर. मॅनेजर डस्टी बेकर आणि इतरांनी कसंबसं त्यांना वेगळं केलं. त्या वर्षी जायंट्स अजिंक्यपदाच्या मालिकेपर्यंत पोहोचले आणि सातव्या सामन्यात हरले.

“केंटचं बरोबर होतं,” आजोबा म्हणाले.

“केंटचं बोलणं बरोबर असेल, पण बोलायची जागा चुकली,” आजी म्हणाल्या. तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण स्वर कालच्या भांडणाचा.

मी थक्क झाले ती इथे. आपल्याकडे संघातली भांडणं नव्हती असं नाही. १९३६च्या इंग्लंड दौऱ्यातून कप्तान विजयनगरमचे महाराजकुमार यांनी लाला अमरनाथ यांना अर्ध्यातून घरी पाठवलं होतं. ग्रेग चॅपेल आणि सौरव गांगुली यांच्या वादात २००५ साली आपण सगळ्यांनीच पेपर चाळले. पण आपण ही गोष्ट आवाज खाली आणून बोलतो, काहीतरी विटाळ झाल्यासारखी, आणि शक्य तितक्या लवकर विसरायला बघतो. दोघांतला एक खलनायक ठरला की आपलं समाधान होतं. हे जोडपं मात्र दोघांनाही आपलं मानत होतं. बाँड्स आजींचा होता, केंटही त्यांचाच होता. भांडणासकट होता. मला हे फार मोठ्या मनाचं वाटलं आणि आजही वाटतं.

थोडा विचार केला तर ते समजण्यासारखंही आहे. बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा. फेब्रुवारीत सराव सुरू होतो, मार्चअखेर खेळ, तो सप्टेंबरअखेरपर्यंत जवळपास रोज. निम्मे, म्हणजे ८१ सामने परगावी. सव्वीस पुरुष सात-आठ महिने एकाच विमानात, एकाच खोलीत कपडे बदलत, एकाच बाकावर बसून असतात. तिथे कुणाचं कुणाशी बिनसणारच.

भाचीने तेव्हा टिंकर आणि एव्हर्सची गोष्ट काढली, जी दोघांनाही अर्थातच पाठ होती. शिकागो कब्जचे हे दोन क्षेत्ररक्षक, मैदानाच्या मध्यभागी शेजारी-शेजारी उभे राहणारे. १९०५मध्ये एका घोडागाडीवरून त्यांचं वाजलं आणि त्यांनी बोलणं टाकलं. ते टाकलं ते कित्येक वर्षं. एकाने चेंडू उचलायचा, दुसऱ्याने बघायच्या आत झेलून पुढे पहिल्या बेसवर फ्रँक चान्सकडे फेकायचा, या कामात मात्र कधी खंड पडला नाही. लग्नघरात एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन जावा पंगत वाढताना एकीच्या हातातली चटणी संपायच्या आत दुसरीची कोशिंबीर पानात पडेल याची चूक होऊ देत नाहीत, तसं ते असलं पाहिजे. कब्जनी १९०७ आणि १९०८ अशी दोन अजिंक्यपदं जिंकली. चान्स खेळाडू होता आणि तोच मॅनेजरही होता. न बोलणाऱ्या दोघांचा चेंडू रोज त्याच्याच हातात येऊन पडायचा.

मॅनेजरचा विषय निघाल्यावर दोघांचा आवाज बदलला. भांडणं सांगताना ते तावातावाने बोलत होते, आता सावकाश बोलू लागले.

आजींचा लाडका डस्टी बेकर. तोंडात टूथपिक, मनगटावर पट्ट्या. १९९३मध्ये पहिल्याच वर्षी त्याच्या हाताखाली जायंट्सनी १०३ सामने जिंकले आणि तरीही केवळ एका सामन्याच्या फरकाने पुढची फेरी हुकली. २००२च्या मालिकेत त्याचा साडेतीन वर्षांचा मुलगा डॅरन बॅटी गोळा करायला डगआउटमध्ये असे. पाचव्या सामन्यात, खेळ चालू असतानाच, तो बॅट उचलायला थेट होमप्लेटकडे धावला. जे. टी. स्नो धाव पूर्ण करून येत होता आणि त्याच्या मागून दुसरा खेळाडू भरधाव. स्नोने पळता पळताच पोराला जॅकेटला धरून उचललं आणि बाजूला नेलं. मागून येणारा तो दुसरा खेळाडू म्हणजे डेव्हिड बेल, ज्याच्यावर जूनमध्ये केंट ओरडला होता. त्यानंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना हे काम बंद झालं. डॅरन मोठा होऊन स्वतः वॉशिंग्टनच्या संघातून वरच्या लीगमध्ये उतरला, १ सप्टेंबर २०२४ला.

आजींनी सांगितलेलं आणखी एक मला फार आवडलं. हात उंच करून टाळी द्यायची, आता जगभर सगळे देतात तशी, तिची पहिली म्हणून जी सांगितली जाते ती डस्टी बेकरच्या हातावर पडली. २ ऑक्टोबर १९७७, लॉस एंजेलिस. डस्टी तेव्हा डॉजर्सचा खेळाडू. हंगामातला तिसावा होमरन मारून तो परत येत होता आणि पुढच्या फलंदाजीसाठी थांबलेल्या ग्लेन बर्कने हात वर धरला. डस्टीने त्यावर टाळी दिली. पुढे बर्कने होमरन मारला तेव्हा डस्टीने हात वर धरला.

आजोबांचा लाडका बिली मार्टिन. शेजारच्या बर्कलीत जन्मलेला, गरिबीत वाढलेला. न्यूयॉर्क यांकीजने त्याला पाच वेळा मॅनेजर नेमलं आणि पाचही वेळा ते पद त्याच्या हातून गेलं. १८ जून १९७७ला बॉस्टनमध्ये, इनिंग चालू असतानाच त्याने रेजी जॅक्सनला मैदानातून परत बोलावलं, चेंडूमागे नीट धावला नाही म्हणून. हा तोच जॅक्सन, ओकलंडच्या ड्रेसिंग रूममधला. डगआउटमध्ये मॅनेजर आणि खेळाडू एकमेकांना भिडायच्या बेतात होते, सहप्रशिक्षकांनी मार्टिनला धरून ठेवलं आणि ते सारं देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच ऑक्टोबरात अजिंक्यपदाच्या निर्णायक सामन्यात जॅक्सनने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन होमरन मारले. तीन वेगळ्या पिचरांना, दर वेळी फलंदाजीला आल्यावर पहिल्याच चेंडूवर. १९८०मध्ये मार्टिन ओकलंडला आला. आदल्या वर्षी १०८ सामने हरलेल्या संघाने त्याच्या हाताखाली ८३ जिंकले आणि रिकी हेंडरसन नावाच्या ओकलंडच्याच पोराने शंभर बेस चोरले, म्हणजे फटका नसतानाही धावून पुढचा बेस गाठला. “त्याने आम्हाला मान वर करून चालायला शिकवलं,” आजोबा म्हणाले.

“आणि ग्लेन बर्कला?” आजींनी शांतपणे विचारलं.

आजोबा काही बोलले नाहीत. आजींनीच सांगितलं. बर्क हाही ओकलंडचाच मुलगा, समलिंगी. डॉजर्सने १९७८मध्ये त्याला ओकलंडला देऊन टाकलं. मार्टिन आला आणि १९८०च्या सराव शिबिरात त्याने संघासमोर बर्कची ओळख एका घाणेरड्या शिवीने करून दिली, असं तेव्हाच्या सहकाऱ्याने पुढे सांगितलं. बर्क पुन्हा वरच्या लीगमध्ये खेळला नाही. १९९५मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो एड्सने गेला.

बाँड्स-केंटचं भांडण आणि हे, या दोन गोष्टी एका ओळीत बसत नाहीत. बरोबरीच्या दोघांनी एकमेकांची कॉलर धरणं वेगळं आणि हातात सत्ता असलेल्याने एकट्या पडलेल्या मुलाला सगळ्यांसमोर उघडं पाडणं वेगळं. आजींनी नवऱ्याच्या दैवताबद्दल हे परक्या बाईसमोर सांगितलं आणि आजोबांनी ते ऐकून घेतलं. मार्टिनला त्यांनी टाकलं नाही, पण बर्कची गोष्ट नाकारलीही नाही. आपला माणूस आठवायचा तर तो सगळाच आठवावा लागतो, हे त्यांनी कधीतरी आपापसात ठरवून टाकलं असावं.

फोर्थ अँड किंग स्टेशनवर उतरून आम्ही गर्दीबरोबर चालत निघालो. लसूण घातलेल्या फ्रेंच फ्राइजचा वास स्टेडियमच्या आधीच भेटायला येतो. फाटकापाशी आजोबा मला म्हणाले, “आजचा मॅनेजर बघून ठेवा. तो आमच्याकडचा.” जायंट्सचे तेव्हाचे मॅनेजर बॉब मेल्विन २०११ ते २०२१ ओकलंडला होते.

मी त्यांनाच बघून ठेवलं. सहावी-सातवी इनिंग असेल. जायंट्सच्या पिचरने लागोपाठ दोघांना बेसवर जाऊ दिलं, स्टेडियममधली कुजबुज वाढली आणि मेल्विन डगआउटच्या पायऱ्या चढून वर आले. पळत नाहीत, घाईने चालत नाहीत. पांढरी रेघ न तुडवता ओलांडली. चालता चालताच दूरच्या कुंपणाकडे बघत उजव्या हाताने डावा दंड थोपटला, म्हणजे आता डावखुरा पाठवा. तोवर कॅचर आणि आसपासचे क्षेत्ररक्षक मातीच्या उंचवट्यावर गोळा झाले होते. जो बोलत होता त्याने तोंडासमोर ग्लोव्ह धरला होता. मेल्विननी तळहात पुढे केला. पिचरने वर न बघता चेंडू त्यावर ठेवला, मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप दिली आणि तो खाली मान घालून निघाला. लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. नुकत्याच दोन चुका केलेल्या माणसासाठी!

नुसतं बोलून परत यायला सामन्यात मोजून चार फेऱ्या मिळतात, आणि एका इनिंगमध्ये मॅनेजर त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेला तर त्याला काढावंच लागतं. एवढ्याशा वेळात, चाळीस हजार लोकांदेखत, आपल्या हाताखालच्या माणसाला “आता पुरे” म्हणायचं आणि उद्या त्याने पुन्हा आपल्यासाठी जीव टाकावा अशा रीतीने म्हणायचं. मॅनेजरच्या कामाचा गाभा मला त्या मिनिटभरात दिसला.

“बोची अजून सावकाश चालायचा,” भाची म्हणाली. ब्रूस बोची, जुना कॅचर, मोठ्या डोक्याचा, खर्जातल्या आवाजाचा. २०१०, २०१२ आणि २०१४ची तिन्ही अजिंक्यपदं त्याची. २०१४च्या सातव्या सामन्यात, कॅन्सस सिटीत, पिचर मॅडिसन बमगार्नरला त्याने मधल्या दोनच दिवसांच्या विश्रांतीवर पाचव्या इनिंगला आणलं आणि शेवटापर्यंत काढलं नाही. भाचीला तो निर्णय आठवतो, पण तिच्या डोळ्यांत पाणी येतं ते दुसऱ्या प्रसंगाने. २९ सप्टेंबर २०१९, बोचीचा इथला शेवटचा सामना. मॅच संपल्यावर त्याचे जुने खेळाडू एकेक करून मैदानात आले. त्यांत नावाजलेले होते आणि पोटापुरते खेळलेलेही होते, आणि टाळ्या सगळ्यांना सारख्याच होत्या. ही ती मुलगी, जिच्या आजोबांनी तिला लहानपणी विजय मर्चंटांच्या कॉमेंटरीचे किस्से सांगितले होते. आता ती लांबच्या खाडीकाठी बसून कुण्या बोचीने कुणाला कसं वागवलं याचा हिशेब ठेवते आहे. तिला त्या गावाने आपलं केलं ते या आठवणींत सामील करून घेऊन, असं मला वाटलं.

बोची पुढे टेक्सासला गेला, २०२३मध्ये तिथेही जिंकला. २६ सप्टेंबर २०२४ला ओकलंडच्या मैदानावरचा अखेरचा सामना झाला तेव्हा समोरच्या डगआउटमध्ये तोच होता. ओकलंडने ३-२ असा विजय मिळवला. मग मैदानात माइक घेऊन प्रेक्षकांचे आभार मानले ते मॅनेजर मार्क कॉट्से यांनी. गाव सोडायचा निर्णय त्यांचा नव्हता. पण लोकांसमोर उभं राहायची पाळी आली तेव्हा उभे राहिले तेच, खेळाडूंच्या कपड्यांत. आजोबा त्या दिवशी तिथे होते. हे त्यांनी गाडीतच सांगितलं होतं, एका वाक्यात, आणि लगेच विषय बदलला होता.

मी परत आल्यावर डिसेंबरात भाचीचा फोन आला. जेफ केंटची बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली होती. त्याच समितीसमोर बाँड्सचंही नाव होतं. उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांची छाया त्याच्यावरून अजून हटलेली नाही, त्याला पुरेशी मतं मिळाली नाहीत. टिंकर, एव्हर्स आणि चान्स हे तिघं १९४६मध्ये एकदमच निवडले गेले होते, याची तिने आठवण दिली. चान्स तेव्हा हयात नव्हता, ते दोघे होते.

“मावशी, आपल्या दोघांनाही एकदमच घ्यायला हवं होतं गं,” ती म्हणाली. “बसले असते एका व्यासपीठावर, शेजारी-शेजारी.” मग थोडं थांबून म्हणाली, “शेजारी नको. मध्ये डस्टीला बसवायचं.”